मापाचा आरसा

सोमवार, ६ तारीख. संध्याकाळ.

ही रोजनिशी पुढे वाचून घेणारी मीच, दुसरं कोण? तेव्हा बाई, ऐकायला बसण्याआधी चष्मा शोध. कपाळावर आहे. गॅस बंद केलास? नसशीलच. जा, बघून ये. तुझ्या डोक्याची चाळणी झालीय, म्हणून तर हा खटाटोप. मला अक्षर येत नाही. बोलते मी, लिहिते नात. लिहिताना तिने हसायचं नाही असं ठरलंय.

घडलं ते असं. लेक गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढत होता. मी फाटकाशी उभी राहून ये, ये, अजून ये, बक्कळ जागा आहे, असं नीट सांगत होते. तेवढ्यात फाटकाच्या खांबाने गाडीचा डावा आरसा उडवला. खांब वाकडा आहे. लेक म्हणाला, आई, हा खांब माझ्या जन्माआधीपासून इथे आहे. म्हटलं, तेव्हापासून वाकडाच आहे.

गॅरेजवाला म्हणतो बावीस हजार. आरशात म्हणे मोटर असते, दिवा असतो, कॅमेरा असतो. आरशाला एवढं काय बघायचं असतं? बावीस हजारांत शिलाई मशीन येतं, टेबलासकट. लेकाने ऑर्डर दिली. पार्ट शनिवारी येणार.

रविवारी धाकट्या बहिणीकडे जायचंय. ती घर रिकामं करून लेकीकडे निघालीय, दोन दिवसांच्या वाटेवर, कायमची. सामान दुसऱ्याच्या हवाली करायची नाही म्हणून ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जाणार. या वयात! मला त्याचं विशेष काही नाही. माणसं जातातच.

संकल्प: आजपासून कोणाच्याही गाडीला वाट दाखवायची नाही. ठळक लिही.

मंगळवार, ७.

बसवेना. फाटकापर्यंत चार फेऱ्या. खांब प्रत्येक वेळी वाकडाच दिसला.

कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करतो त्या सायकलवाल्याने सांगितलं, नाक्यापलीकडे जुन्या पार्टचं दुकान आहे, तिथे पाच-सहा हजारांत काम होईल. लगेच गॅरेजवाल्याला फोन लावून घेतला. म्हटलं, मी मालकाची आई, ऑर्डर रद्द. तो म्हणाला, एकदा साहेबांशी बोलू का? म्हटलं, साहेबांना न्हाऊमाखू मी घातलंय.

लेकाला सांगितलेलं नाही. आनंदाची बातमी एकदम द्यावी.

बुधवार, ८. सकाळ.

दुकानदाराला नमुना दाखवायला हवा. आता मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. मापाला फाटका सदरा कोणी आणला तर परत पाठवायचे. मापाला अंगावर नीट बसणाराच कपडा लागतो. फुटका आरसा नेऊन काय फायदा? म्हणून उजवा, धडधाकट, तो काढून न्यायचा. इतकी साधी गोष्ट गॅरेजवाल्याला सुचली नाही. शिकलेला असेल.

लेक ऑफिसला बसने गेलाय. गाडी अंगणात. सायकलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, आजी, आत वायरी आहेत, लेकाला विचारलंत का? म्हटलं, दोरा तोडल्याशिवाय उसवता येत नाही. चल, काप.

कापल्या. गाडीवर चादर टाकली. धूळ बसू नये म्हणून.

गुरुवार, ९.

दुकानदार सहा म्हणत होता. साडेचारवर आणला. दोनदा उठून निघाले, दोनदा हाक मारून बसवलं त्याने. आरसे शेजारी ठेवून पाहिले. जुळी भावंडं! तीच वळणं, तोच रंग. साडेसतरा हजार वाचवले. घरात कोणाला कदर नाही, कारण कोणाला अजून माहीतच नाही.

नातीला आधीच बजावते, हसू नकोस. ती म्हणते, हसत नाहीये आजी, घाबरलेय.

शुक्रवार, १०. जेवणं झाल्यावर.

सायकलवाला नवा आरसा डाव्या दाराला लावायला आला. धरून पाहिला. आरसा ड्रायव्हरकडे पाठ करून पुढचा रस्ता बघत उभा. तो खाली बसला आणि म्हणाला, आजी, नमुना उजवा नेलात, आलाही उजवाच.

यात माझी चूक काय? शिंप्याला उजव्या बाहीचं माप दिलं की डावी तो आपसूक कापतो. डावी की उजवी ते सांगून कोणी शिवून घेत नाही. दुकानदाराला एवढा पोच नको?

तेवढ्यात लेक आला. चादर उचलली. गाडीला दोन्ही कान नाहीत. उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायला, मग गॅरेजवाल्याला फोन केला. डावा आरसा, उजव्याच्या वायरी, मजुरी: चौतीस हजार. पार्ट आता पुढच्या गुरुवारी. दुकानदार विकलेला उजवा परत घेत नाही.

लेक म्हणाला, रविवारी टॅक्सी करू. मी साफ सांगितलं, परक्याच्या गाडीत मला मळमळतं. बस गुडघ्यांना झेपत नाही. जायचंच नाही. फोन असतो कशाला?

शनिवार, ११.

जायचं नाही, त्यामुळे निवांत. चार उशांचे अभ्रे शिवले. धाकटीसाठी नाहीत, कापड पडून होतं. प्रवासाचे कपडे कपाटातून काढले, ते कपाट आवरायला. खुर्चीवर राहिले.

धाकटीचा फोन. म्हणाली, ताई, न येण्यासाठी गाडीचे दोन आरसे उपटलेस, नुसतं नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं. मी म्हटलं, ट्रकमध्ये नीट बस, खिडकीबाहेर हात काढू नकोस. ती म्हणाली, बरं. फोन मग बराच वेळ कोणी ठेवला नाही.

नातीने विचारलं, आजी, टॅक्सी सांगू? मी अभ्र्यांच्या घड्या घालत होते. ऐकू आलं नाही. आठला बोलव म्हटलं.

रविवार, १२. दुपार. धाकटीच्या घरून, फोनवर.

लिही. मळमळलं नाही. टॅक्सीचे अठराशे झाले. हे खोड. पेनाने लिहिलंय? मग गिरवू तरी नकोस.

इथे सगळं खोक्यांत. भिंतींवर तसबिरींचे चौकोन उरलेत. धाकटी वाळलीय. म्हणाली, अभ्रे छान झालेत, पण उशा ट्रकमध्ये गेल्या.

ट्रक भरून झाला. ड्रायव्हर नवखा, मागे बघायला कोणी नाही. सगळे नुसते उभे. कोणीतरी बोलायला हवं होतं. मी ये म्हटलं, फक्त दोनदा. इथल्या फाटकाचा खांबही वाकडा निघाला.

मुद्दाम? छे! बरोबर आलेल्या लेकानेही हेच विचारलं, कपाळावर हात ठेवून. मग पैसे मी भरतो म्हणाला. ट्रकवाला आरशाशिवाय हायवेला जाणार नाही. ट्रकचा मालक बुधवारी दुसरा आरसा पाठवणार. सामान सोडून धाकटी हलत नाही, आणि तिला एकटीला सोडून मी कशी हलू?

धाकटीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हमालांना म्हणाली, गादी उतरवा. दोन उशाही.

तर आता भांडी सगळी खाली दबलीत, चूल बंद. लेक उद्या येईल त्याच्याबरोबर डबा पाठव. मऊ भात, उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत. आमच्यातल्या एकीला डॉक्टरने गोड बंद केलंय. कोणाला ते दोघींनाही आठवत नाही. तेव्हा केक दोघींचा पाठव, बुधवारपर्यंत पुरेल असा.