तार बसवण्याआधीची मी

मी, रत्नमाला मुंजाबा शिंगाडे, वय अठ्ठावन्न, राहणार बजाजनगर, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हात नाही. म्हणून मजकूर शेजारच्या चारुतानं लिहिला. शब्द माझे आहेत आणि कागद मी स्वतः वाचून पाहिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

पुढच्या आठवड्यात कंपवातासाठी माझ्या मेंदूत तार बसवणार आहेत. तिची बॅटरी छातीच्या कातडीखाली राहील. मरणाची भीती आहे, पण थोडी. मोठी भीती निराळी आहे. मी वाचलं, आणि डॉक्टरांनीही लपवलं नाही, की विजेचं प्रमाण नीट बसेपर्यंत काहींचा स्वभाव पालटतो. माणूस उगाच खुशीत येतो, हातचं देऊन टाकतो. म्हणून या मृत्युपत्राची घाई.

१. घर सून रूपा हिला. हनुमान, बाळा, वाईट वाटून घेऊ नको. तू मायाळू आहेस, पण सांडूकाकाचं ऐकून घर विकायला निघाला होतास. तुझ्या वडिलांनी ते रात्रपाळ्या करून बांधलं. पाळीवरून ते जुने पेपर आणत, त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यांचा डबा तू कामावर नेत जा. मी अजून तो रिकामाच घासून ठेवते.

२. बचत ऑपरेशनला जाईल. काही उरलं तर तेही रूपाचं.

३. दीर सांडू यांना काही नाही. सोयगावला जागरणात माझा हात पहिल्यांदा थरथरला, तेव्हा त्यांनी मला भंडारा लावून विचारलं, "आई, पोरीचं लग्न कवा जमंल?"

मी म्हणाले, "भावजी, मी देवी नाय, रत्नी हाय. दवाखान्यात न्या."

"आई लई कोपली!" म्हणत ते आडवे झाले. मागोमाग सगळी भावकी पाया पडली. तपासणी दोन वर्षं लांबली.

तेव्हा बोलत होते मी, आणि लोकांनी देवी ऐकली. आता बोलेल वीज, आणि लोक मला ऐकतील, ही धास्ती आहे.

४. मेंदू. हालचाल सांभाळणाऱ्या माझ्या पेशी मरत चालल्या आहेत. तार त्यांच्यात जात नाही. जवळच्या एका बारीकशा जागेत पेशींनी एकाच ठेक्यात गलका मांडलेला असतो, तो ती मोडते. भोवतीच्या, आधार देणाऱ्या पेशीही त्या विजेनं जाग्या होतात म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं, "मग उरलेल्या पेशी वाचतील का?"

"काकू, उंदरांत थोडी आशा दिसली आहे. माणसांत अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. मला माहीत नाही."

माहीत नाही म्हणाले, म्हणून मी त्यांच्या हाती डोकं देते आहे. मी मेल्यावर मेंदू अभ्यासाला द्यावा. मला नाही, तरी कोणाला तरी कळू दे.

हनुमान ओरडला, "आई, बिनडोक्याची जाळू का तुला?" डोकं नाही रे, मेंदू. पण दहनाआधी बॅटरी आठवणीनं काढून घ्या. ती आगीत फुटते.

५. वकील म्हणतात, नंतर केलेलं मृत्युपत्रच खरं धरतात. धरू देत. रूपा, ऑपरेशननंतर मी हे घर भावजींना द्यायला निघाले तर माझ्याशी भांडू नको. आधी डॉक्टरांकडे ने, विजेचं प्रमाण तपासायला सांग. मग घरी आणून हा कागद मला मोठ्यानं वाचून दाखव, डब्याचं आलं तिथं थांबू नको. सगळं ऐकूनही मी तेच म्हणाले, तर ते माझंच म्हणणं समज, आणि मला देऊ दे.

अंगठा मी आयुष्यात उठवला नाही, आजही नाही. सही बारीक होत गेली आहे, आडनाव वाचता येत नाही. तरी ती माझीच आहे, हे खालच्या दोघांनी समोर बसून पाहिलं.

सही: रत्नमाला मुंजाबा शिंगाडे

साक्षीदार: १. केशव दत्तात्रय जोशी २. यमुनाबाई हरिभाऊ काळे

छत्रपती संभाजीनगर, १२ जानेवारी २०२५