आमचा पगार आणि पंचफुलाची कढई

१२ सप्टेंबर

पंचफुलाकडे नवे भांडे आले! अख्खं खोकं. तिचा नवरा मिस्त्रीच्या हाताखाली विटा-रेती वाहतो, म्हणून कामगारांच्या योजनेतून मिळाले – फुकट. पातेले, परात, डबे आणि पाच लिटरचा कुकर! राहते मागच्या गल्लीत, पण खोकं डोक्यावर घेऊन मुद्दाम आमच्या दारावरून गेली. "मॅडमबाई, पाहा ना, कसे चमकते!"

पाहिले. मग घरात येऊन माझ्या कुकरकडे पाहिलं. त्याचं हँडल तारेनं बांधलेलं आहे.

जळले मी. खोटं कशाला लिहू?

१४ सप्टेंबर

रविवार. जेवताना यांच्यासमोर हिशेब मांडला. पंचफुलाला बायांच्या सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजार, रेशनचा तांदूळ फुकट, आता भांडेही. मी इंग्रजी शाळेत चौथीला शिकवते – साडेनऊ हजार. हे राईस मिलमध्ये मुनीम – सोळा हजार. वर्षाचे मिळून तीन लाखांच्या वर जातात, आणि त्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे आम्ही श्रीमंत! घरभाडं, पोरीची फी, गाडीचा हप्ता – आणि पंचवीस तारखेला या श्रीमंतांच्या घरी तेलाची बाटली उलटी उभी!

हे म्हणाले, "तू नोकरी सोडून दे. मंग आपन बी गरीब."

मी खरंच बोटांवर मोजलं. साडेनऊ जातात, दीड येतात. "तोटाच आहे."

"मंग श्रीमंतच राहू," म्हणाले आणि दुसऱ्यांदा वरण घेतलं. या माणसाला कशाचंच काही वाटत नाही!

१९ सप्टेंबर

तापाची रजा शाळेनं बिनपगारी केली. ताप येणंही आपल्याच खर्चानं!

२७ सप्टेंबर

पंचफुलाचे पैसे अडकले. दीड हजारांच्या योजनेसाठी आधारची खातरजमा करायची होती, आणि तिचा फोन आधारला जोडलेलाच नव्हता. "मॅडमबाई, तुमी शिकलेल्या हा. चाला ना संगं."

गेले. आधार केंद्रात ही रांग! तिचा नंबर आला तर मशीन अंगठा घेईना. धानातलं गवत काढून काढून रेषाच झिजल्या आहेत. एकेक बोट पदरानं पुसून लावलं. शेवटी मधल्या बोटानं काम झालं. इतकी खूश झाली, की तेच बोट वर करून सगळ्या रांगेला दाखवत बाहेर आली. मी मान खाली घालून मागे मागे!

नंतर तिनं चहा पाजला. मला पैसे देऊ देईना. म्हणाली, "तुमचं बरं हाय पन."

"माझं? काय बरं आहे माझं?"

"इतवारी घरी बसल्या तरी पगार. मले एक दिवस रोजी नाई भेटली, का चुलीले बी सुट्टी. अन् हे दीड हजार आज हाय. उद्या बंद झाले, तं कोनाले विचारू?"

 मी तिच्या कुकरवर जळतेय, आणि ही माझ्या इतवारावर! तसं सांगूनच टाकलं तिला. दोघी एवढ्या हसलो, की चहावाला पाहतच राहिला.

८ ऑक्टोबर

पंचफुलाच्या डोक्यात नवंच शिरलंय. दिवाळीनंतर बपेऱ्याला मंडई भरते, म्हणजे आमच्याकडची जत्रा – तिचं माहेर ते. तिच्या बचत गटातल्या पाच जणी तिथं मुंगवडे-आलूबोंड्यांचं दुकान लावणार. पाचही घरी योजनेचे भांडे आलेत, ते एकत्र करायचे. मोठी कढई, तेल, डाळ – सगळं त्या दीड-दीड हजारातून. प्रत्येकीनं दोन महिन्यांचे टाकले.

"आणि विकलं नाही तर?"

"तं आठ दिवस मुंगवडेच खाऊ!"

पैसे तिचे, आणि रात्री बोटांवर हिशेब करत बसले मी.

२० ऑक्टोबर

शाळेकडून दिवाळीचा बोनस – सोनपापडीचा डबा. एक.

२६ ऑक्टोबर

काय दिवस गेला आज!

आम्ही नुसतं खायला म्हणून बपेऱ्याला गेलो होतो. जाऊन पाहतो तर दुकानावर शुकशुकाट. तळणारी कुंताबाई तापानं घरी, आणि तिच्याऐवजी कढईवर पंचफुला. पहिला घाणा बाहेरून काळा, आतून कच्चा. एकानं प्लेट परत आणून ठेवली. समोरच्या दुकानावर मात्र ही गर्दी! पंचफुला झाऱ्यानं जळके वडे बाजूला काढत होती. 

"मॅडमबाई, बुडालं आमचं."

मी तोंड उघडायच्या आत यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "सरका. आंच कमी करा पहिले."

यांचे वडील लग्नांत आचारी होते. लहानपणी हे त्यांच्या हाताखाली होते. बी.कॉम. केलं ते कढईपासून सुटायला, असं सासूबाई सांगतात. घरी कधी झाऱ्याला हात लावला नाही. आणि आज – पिठाचा एक थेंब तेलात सोडून पाहिला, मान हलवली, मग जे सुरू झाले! सोनेरी, कुरकुरीत, एकसारखे. वासावर माणसं वळली. समोरची गर्दी इकडे. मी पैसे घ्यायला बसले. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई म्हणाली, "टीचर, तुम्ही इथं?"

"हो. किती प्लेट?"

ऊन उतरायच्या आत डाळ संपली. गावातून उसनी आणली, तीही संपली! घामानं भिजलेला शर्ट, नाकाला बेसन – आणि हे गुणगुणत होते. अकरा वर्षांच्या संसारात यांना काम करताना गुणगुणताना मी पाहिलं नव्हतं.

३० ऑक्टोबर

यांचा कढईसमोरचा फोटो फोनोफोनी मिलपर्यंत पोचला. शेठ म्हणे, "आमचा मुनीम भजे तळते का?"

"मुंगवडे, शेठजी," हे म्हणाले.

१६ नोव्हेंबर

आणखी तीन मंडया झाल्या. तीनही रविवार हे कढईवर. आज पंचफुला घरी आली. गटातल्या जणी आपल्या तुमसरला धान बाजाराजवळ रोजचं दुकान टाकतात म्हणे. "भाऊजी पायजे आमाले. सहावा वाटा देऊ."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उखडले. "अन् सोळा हजार? ते ठरलेले आहेत! पोरीची फी काय मुंगवड्यांनी भरायची?"

पंचफुला उठून गेली. यांनी तिच्यामागे दार लावलं. मग म्हणाले, "बाबाले लोक मानत होते, उर्वशी. लाज मलेच वाटे. आता नाई वाटून राहिली. पन तू नको म्हनशीन, तं नाई सोडत."

२० नोव्हेंबर

चार दिवस विचार केला. भीती वाटते – खूप. पण माझा पगार आहे. सहा महिने पाहू म्हटलं. पोरीनं उड्या मारल्या. यांनी नाही मारल्या, पण जवळपास तसंच.

१ डिसेंबर

महिना संपला तशी यांनी मिल सोडली. आज गटात नाव घालायला सगळे बँकेत. मॅनेजर म्हणाले, बायांच्या गटात गडी माणूस चालत नाही. मी म्हटलं, आता मिलही गेली! पंचफुला मात्र शांत – "मंग मॅडमबाईचं लिवा!"

सही केली. सहावा वाटा माझा. हे आजपासून माझ्याकडे कामाला!