बाबांच्या संचातले दोन रुपये

खापरखेडा,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जया हिस, दादाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी गुडघ्यांना तेल लावते आहे आणि गुडघे दाद देत नाहीत. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र.

बातमी अशी की नागपूरला जानेवारीत भरणाऱ्या नाणी-प्रदर्शनाच्या निवडीतून मला परत पाठवण्यात आलं. बाबांनी टाकसाळीतून मागवलेला १९८२ च्या एशियाडच्या नाण्यांचा संच तुला आठवत असेल. त्या पेटीतली दोन रुपयांची जागा बाबा गेले तेव्हाच रिकामी होती. मी तिथं बाजारातलं तसलंच दोन रुपयांचं नाणं बसवलं. ते मळकट दिसत होतं म्हणून मारोतरावाच्या वर्कशॉपात मशीनवर बफ मारून घेतलं. इतकं चमकलं की वहिनीनं त्यात पाहून टिकली सरळ केली.

प्रदर्शनाचे सुमंत भिंग घेऊन बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग सांगितलं की हे या पेटीतलं नाही. चलनातलं नाणं एका ठोक्यात पडतं आणि पोत्यात दुसऱ्या नाण्यांवर आपटतं. संग्राहकांसाठीचं नाणं खास घोटलेल्या ठशानं, एकाहून जास्त ठोके देऊन काढतात. त्याची जमीन, म्हणजे चित्राभोवतीचा सपाट भाग, आरशासारखी असते आणि अशोकस्तंभाचे सिंह मात्र दुधट, बिनचमकीचे. माझ्या नाण्यावर सिंहही चमकत होते आणि त्यांच्या आयाळी मारोतरावानं साफ केल्या होत्या. जन्मभर वीज केंद्रात फिटर होतो आणि शेवटी धातूनंच माझं हसं केलं.

खऱ्या नाण्याचं बाबांनी काय केलं, हे मी सगळ्या नातेवाइकांना विचारतो आहे. तुलाही विचारतो, मागाहून तू रुसायला नको. धम्मानंदांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
वामनदादा


नागपूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास, जयाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. बफपाशी ह्यांना हसून हसून ठसका लागला.

एशियाडचं दोन रुपयांचं एक नाणं माझ्याकडे आहे. कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. ह्यांच्याशी लग्न केलं तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते आणि तुम्ही सगळे दुसऱ्यांच्या लग्नकार्यात भेटाल तेवढेच. पण प्रशिक झाला तेव्हा बाबा दवाखान्यात एकटेच आले. बाळाचं तोंड पाहिलं, रीतीप्रमाणे त्याच्या मुठीत नाणं ठेवलं आणि मला एवढंच म्हणाले, "हे खर्चू नोको वं." मग बस पकडायला निघून गेले.

तुझ्या हर्षितला सोन्याची अंगठी आणि माझ्या लेकराला दोन रुपये, वर ताकीद. मला वाटलं, आमच्या गरिबीला टोमणा मारला. तुमच्या दोन रुपयांवाचून आमचं अडलेलं नाही हे दाखवायला मी ते हट्टानं जपलं. दाखवायचं कुणाला, हा प्रश्न बाबा गेल्यावर पडला.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी मी पितळेची बुद्धमूर्ती पितांबरीनं घासते आणि हात लागलाच आहे म्हणून नाणंही घासते. त्यामुळे आरसा वगैरे काही उरलेलं नाही. बाबांनी ते पेटीतून काढलं होतं की बसचे सुटे म्हणून खिशात होतं, हे आता कशावरून कळेल? लवकर लिही. मी गमतीत लिहिते आहे असं समजू नको, मला झोप नाही. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
जया


खापरखेडा,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जया हिस अ. उ. आ.

पितांबरी हा शब्द वहिनीनं सुमंतांना फोनवर सांगितला, तेव्हा त्यांनी तो तिला पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग ते म्हणाले की आरसा गेला तरी सालाखालची खूण सहसा जात नाही. १९८२ च्या खाली बघ. मुंबईच्या चलनी नाण्यावर तिथं पत्त्यातल्या चौकटीसारखी बारीक खूण असते. संग्राहकांच्या नाण्यावर इंग्रजी बी असतो. भिंग लाव आणि कृपा करून आधी घासू नको.

एक मात्र सांगून ठेवतो. बाबा हात धुऊन, पुसून, मगच ती पेटी उघडत. आईलाही लांबूनच दाखवत. त्या माणसानं संच फोडून एक नाणं उघड्या हातानं उचललं असेल, हे मला तरी खरं वाटत नाही. उगाच आशा धरू नको, तुला त्रास होईल. मला काळजी वाटते. लगेच कळव.

तुझा,
वामनदादा


नागपूर,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

बी आहे.

प्रशिकनं पाहिला, सूनबाईनं पाहिला, ह्यांनी चष्मा बदलून पाहिला. मी शेवटी पाहिला आणि मग मला काहीच दिसेना, डोळे भरून आले होते. इतकी वर्षं मी बाबांवर रागावून त्यांची सगळ्यात आवडती वस्तू पितांबरीनं घासत होते. बाबांनी किती जिवापाड जपलेलं दिलं आणि मी टोमणा ऐकला. मला त्यांची फार आठवण येते आहे, दादा. दुपारी मी प्रशिकला उगीचच जवळ घेतलं. तो चाळीस वर्षांचा आहे, बावरला.

तुझा संच अपुरा राहिला, हे मला कळतं. पण नाणं मी पोस्टानं पाठवणार नाही. पाहिजे असेल तर घरी ये आणि प्रशिककडून मागून घे. बाबांनी त्याच्या मुठीत दिलं होतं. राग मानू नको, मानलास तर पत्रातून कळव.

तुझी,
जया


खापरखेडा,
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. जया व चि. प्रशिक यांस अ. उ. आ.

नाणं प्रशिकचं आहे, ते मी मागणार नाही. पेटी आहे तशीच मांडा, असं सुमंतांना कळवलं. रिकाम्या जागेखाली चिठ्ठीवर काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. मी लिहून दिलं, नातवाकडे आहे.

बाबांनी तुला तोडलं असं धरून मी तुझ्या दाराशी आलो नाही. बाबा तर तेव्हाच येऊन गेले होते, मीच मागे राहिलो. मला फार वाईट वाटतं आहे, जया. रविवारी सकाळच्या बसनं तुझ्या वहिनीला घेऊन येतो. जेवायलाच येतो. पाकिटावर लिहून लिहून तुझा पत्ता मला पाठ आहे, घर मात्र कुणाला तरी विचारावं लागेल.

तुझा,
दादा