सुमतीने काही चारले नाही

मी, गिरिधर गणपत धोटे, वय बावन्न, राहणार गांधीबाग, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज मी शुद्धीवर आहे. उद्याची हमी डॉक्टरही देत नाहीत, म्हणून त्यांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझी पत्नी सुमती हिला. भाऊ मधुसूदन याने आपला वाटा केव्हाच विकून खाल्ला आहे. सुमतीला या घरातून कोणीही, कोणत्याही कारणाने बाहेर काढू नये.

२. कारण कोणते सांगितले जाईल ते मला ठाऊक आहे. लोक 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात. आमच्या घराण्यात साठीची वाटही पाहत नाहीत. वडिलांना पन्नाशीतच भ्रम झाला. आईने जेवणातून काही चारले असा बोभाटा झाला, तिला रामटेकला माहेरी धाडले, आणि ती तिथेच वारली. पुढे आत्यालाही तोच भ्रम झाला. ती विधवा, स्वतः रांधून खाणारी. तिला कोणी चारले, हे कोणी विचारले नाही.

३. मागच्या पोळ्यानंतर खापरखेड्याच्या वीजकेंद्रात मी स्विचसमोर हात उचलून उभा राहिलो आणि पुढे काय करायचे ते आठवेना. मीच साहेबांना सांगून ते काम सोडले. मधुसूदन लगेच म्हणाला, "वहिनीनं चारलं तुले काहीतरी! काहून समजून नाही राहिलं तुले?" डॉ. ओमप्रकाश यांनी घराण्याची सगळी हकीकत विचारली आणि हे रक्तातून उतरते असे सांगितले. रक्त आम्हा धोट्यांचे. सुमती तर काटोलची.

४. मुलगी चारुशीला हिला माझी बचत. आजार तिला होईलच असे नाही, होणार नाही असेही नाही. आधी कळायची तपासणी नाही. तिच्या लग्नात लपवाछपवी नको. हे लिहिताना मला रडू आले.

५. यापुढे डॉक्टरांसमोर न केलेली माझी कोणतीही सही खरी मानू नये. मी सुमतीला चोर म्हणेन, "यात विष आहे" म्हणून ताट भिरकावेन. वडिलांनी तेच केले होते. त्या दिवशी दार उघडे ठेवून हा कागद मोठ्याने वाचावा. मला समजणार नाही, पण शेजाऱ्यांना समजले पाहिजे.

६. मधुसूदनला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, म्हणूनच तो साक्षीदार चालतो. त्याने सगळे वाचून मगच सही करावी.

नागपूर, १२ फेब्रुवारी १९७४
गिरिधर गणपत धोटे

साक्षीदार:
१. डॉ. ओमप्रकाश शुक्ला
२. मधुसूदन गणपत धोटे, वय ४८. सगळं वाचलं. दादा, मलेही डॉक्टरकडे घेऊन चाल.