दुसऱ्या रांगेतलं मूल

४ डिसेंबर, बुधवार

सुश्रुतचं काहीतरी बिनसलंय. नाहीतर आईबापाला बिझनेस क्लासची तिकिटं कोण काढून देतं? माझ्या भाचीचं, केतकीचं लग्न आटोपून पुण्याहून मुंबईला आलो, त्याच्या फ्लॅटवर टेकलो, आणि त्यानं फोन समोर धरला — उद्या सकाळी मुंबई ते कोलकाता, रांग दुसरी. म्हणे, "बाबांचे गुडघे दुखतात ना!" बाबांचे गुडघे सात वर्षं दुखतायत. आजच बरे आठवले! वर दोनदा बजावलं, सीट बदलू नका, कोणी मागितली तरी देऊ नका. कुठेतरी पाणी मुरतंय. नोकरी गेली असेल. मग हळूच म्हणेल, कोलकात्यातला डमडमचा फ्लॅट विका.

ह्यांना बोलले तर हे म्हणाले, मुलानं प्रेमानं दिलं तर घ्यावं, शकुन, दरवेळी खणून बघू नये.

मी खणत नाही. मला दिसतं.

५ डिसेंबर, गुरुवार

घरी पोचलो. डोकं ठणकतंय, ते त्या पोरीमुळे.

छत्तीस वर्षं सरकारी कंपनीत घासली, पण ह्यांच्या ग्रेडला पुढची खुर्ची कधी मिळाली नाही. आज मिळाली. गरम टॉवेल आला, हवाईसुंदरी "मिस्टर श्यामसुंदर" म्हणाली, आणि हे नवरदेवासारखे ताठ बसले. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू. तेवढ्यात मधल्या वाटेच्या पलीकडे कोण येऊन बसावं? एक बंगाली बाई आणि तिची तीनेक वर्षांची मुलगी!

बाई माझ्याकडे बघून हसली. ओळख ना पाळख, हसायचं कशाला? मी तिथेच ताडलं — पोरीला माझ्या गळ्यात मारून स्वतः झोपायचा बेत. मी मासिक उघडून तोंडासमोर धरलं.

पोरगी अर्धा तास रडली. मग पुढच्या खुर्चीला लाथा. मग मनुकांची डबी सांडली, एक मनुका माझ्या चपलेत. बाई वाकून एकेक वेचत होती आणि "सॉरी, सॉरी" म्हणत होती. सॉरीनं डोकं दुखायचं थांबतं का?

मग मी ह्यांना जे बोलायचं ते बोलले. मराठीत, म्हणजे मोकळेपणी. तेहतीस वर्षं इथे राहून एवढं एक सुख आहे. सियालदहला भाजीवाल्याच्या तोंडावर म्हणायचं, "हा लुटारू आहे, पुढे चला," आणि तो हसून दोन मिरच्या जास्त टाकतो. लिफ्टमध्ये, बँकेत, डॉक्टरकडे — सगळीकडे आमचं बोलणं आमच्यातच राहतं.

तर मी म्हटलं, इथे लोक शांततेसाठी जास्तीचे पैसे भरतात. मूल आवरत नसेल तर मागे बसावं, नाहीतर घरी. हे म्हणाले, मागच्यांना कान नसतात का? ह्यांचं नेहमीचं! मग मी म्हटलं, "बाप कुठे दिसत नाही. नवऱ्याला टाकून आलेली दिसते. आणि तिकीट बघा पुढचं! कोणाच्या जिवावर?" हे म्हणाले, हळू. मी म्हटलं, हळू कशाला? तिला काय कळतंय?

एक मात्र विचित्र झालं. तिच्या बाजूनं ऊन येत होतं. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांत ऊन जातंय, हिला पडदा ओढायला काय होतं?" आणि त्याच क्षणी बाईनं हात लांबवून खिडकीचा पडदा खाली ओढला. मी दचकलेच. पण बंगाली बाईला मराठी कुठून? पोरीला झोपवायचं असेल.

उतरताना तिनं वरून माझी पिशवी काढून दिली. या वेळी हसली नाही. मी थँक्यू म्हणाले.

७ डिसेंबर

सुश्रुतचा फोन. दोन दिवसांत तिसरा! प्रवास कसा झाला, जेवण काय होतं, शेजारी कोण होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वतःच म्हणाला, "पण तुम्ही दोघं पूर्ण वेळ झोपला होतात ना?"

हे ह्याला कोणी सांगितलं? माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता! विमानात आमच्यावर पाळत होती की काय? मी मुद्दाम "हो" म्हटलं, बघू पुढे काय बोलतो. तर नुसताच सुस्कारा टाकला आणि फोन ठेवला. सुस्कारा! नोकरीचंच आहे हे.

८ डिसेंबर

हे सकाळी चहा पिताना म्हणाले, नागपूरहून इथे आलो ती गाडी आठवते का? आठवते की. ह्यांच्या बदलीच्या पासावर पहिल्या वर्गात होतो, सुश्रुत आठ महिन्यांचा, दात येत होते. कोटवाल्या एका गृहस्थानं टीसीला बोलावलं. हा काय बायकापोरांचा डबा आहे का, अशा अर्थाचं काहीतरी हिंदीत म्हणाला. मी पोराला घेऊन दाराशी उभी राहिले, पहाटेपर्यंत. त्या माणसाला मराठीत सात पिढ्यांसकट ऐकवलं, तेवढंच समाधान.

ते वेगळं होतं. ह्यांना म्हटलंसुद्धा, ते वेगळं होतं. का वेगळं, ते लिहायला बसले तर लिहिता येत नाहीये.

११ डिसेंबर

सुश्रुत रविवारी येतोय. "कोणाला तरी भेटवायचंय, आई." नोकरी शाबूत आहे — मुलगी आहे तर! चौतिसाव्या वर्षी का होईना. पण मग एवढी लपवाछपवी कशाला? तिच्यात काहीतरी खोट असणार.

हे एस्प्लनेडला जाऊन नवा टेबलक्लॉथ घेऊन आले. मी आतापासूनच घाबरलेय. एकदा ठरलेलं मोडलंय; ह्या वेळीही मोडलं तर तो पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही, हे मला माहीत आहे.

१५ डिसेंबर, रविवार, दुपार

ते हॉलमध्ये बसलेत. मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या निमित्तानं आले आणि हे लिहितेय.

दार मी उघडलं. सुश्रुतच्या मागे ती. विमानातली! हाताला तीच पोरगी.

नाव श्रीपर्णा. सुश्रुतच्या ऑफिसात आहे, त्याच्याहून वरच्या हुद्द्यावर. माहेर सॉल्ट लेकला. घटस्फोट झालाय, मुलगी झिनुक तिच्याकडेच. म्हणजे माझा अंदाज खरा निघाला. खरा निघाल्याचा आनंद मात्र झाला नाही.

आणि सुश्रुत काय म्हणाला? "तुमची तिकिटं हिनंच काढली होती, आई. म्हणाली, आधी नुसतं शेजारी बसून ओळख होऊ दे, मग नातं सांगू. आणि तुम्ही दोघं झोपून गेलात!" ती खाली बघत राहिली. कोणाच्या जिवावर, म्हणाले होते मी. आमच्याच खुर्च्या तिच्या जिवावर! उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती हिंदीतच बोलतेय, आंटीजी आंटीजी करतेय. ह्यांना आत बोलावून म्हटलं, वाचलो! तिला एक अक्षर कळलेलं नाही.

ह्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "मग आपण झोपलो होतो असं तिनं का सांगितलं, शकुन?"

पोहे करपले.

१५ डिसेंबर, संध्याकाळ

पोहे पुन्हा केले. चहा झाला. डोक्यावरून विमान गेलं तशी झिनुक खिडकीकडे धावली. पश्चिमेचं ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं. मी काही बोलले नव्हते.

श्रीपर्णा उठली, खिडकीपाशी गेली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काकू, पडदा ओढू का? तुमच्या डोळ्यांत ऊन जातंय."

सुश्रुत लहान मुलासारखा हसला. दोन वर्षं शिकतेय, म्हणाला, फक्त तुमच्यासाठी.

विमानातलं तिनं त्याला काहीच सांगितलेलं नाही. मी "ओढ" म्हणाले.