गाजरानं पिवळा झालेल्या मेव्हण्याची हकीकत

छत्रपती संभाजीनगर,
संक्रांतीच्या आधी

आदरणीय दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा काकासाहेबाचा वाकून रामराम. आवडाताईला नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद. तुमचे गुडघे या थंडीत काय म्हणतात? ऊस गेला का अजून फडातच उभा आहे? आम्ही इकडं मजेत. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर लावून गोठ्यापर्यंत ऐकवता, आणि ही गोष्ट गोठ्यापर्यंत जायची नाय. म्हणून कागद घेतला.

हुरड्याचं आवतण पोचलं. येणार म्हणजे येणार. पण ताईला कुणीतरी सांगितलंय की मला कावीळ झाली होती. ते साफ खोटं आहे. खरं असं की माझ्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता (जिथं आपण तंबाखूचा बार धरतो, नेमका तिथंच). तिखट लागलं की ब्रह्मांड आठवायचं. मी कुणाला बोललो नाय. मनात एकच धाकधूक, हा कॅन्सर तर नाय? आणि दुसरी धाकधूक, डॉक्टर तंबाखू सोडायला लावणार.

त्यात शेजारचे मधुसूदनराव, रिटायर मास्तर, सकाळी ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचतात (आपण ऐकत नसलो तरी वाचतात). त्यात आलं की गाजर, आवळा, पेरू, पालेभाजी यांत जीवनसत्त्वं असतात आणि ती खाणाऱ्यांना तोंडाचा, घशाचा कॅन्सर कमी होतो. पुढं तंबाखूबद्दल काहीतरी होतं, पण तेवढ्यात मी उठलो. मला पाहिजे ते मिळालं होतं. दाजी, आपण शेतकरी माणसं. पिकावर रोग आला तर पीक उपटतो का? फवारा मारतो. तसं तंबाखू चालू ठेवायची आणि वरून जीवनसत्त्वाचा फवारा मारायचा, असं मी पक्कं केलं.

औरंगपुऱ्याच्या मंडईतून गाजरं आणायला लागलो. आधी किलोनं, मग पोत्यानं. तंबाखूचा बार थुंकला की गाजर, गाजर संपलं की बार. औषध रोगाच्या जागेवर पडलं पाहिजे म्हणून आवळ्याची फोड तंबाखूशेजारीच गालात दाबून बघितली. काय चव झाली ते लिहीत नाय, तुमचं जेवण व्हायचं असेल. मेडिकलातून जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आणल्या, त्या तंबाखूच्याच डबीत ठेवल्या, म्हणजे विसरायला नको. आमच्या सरूबाईला वाटलं, नवरा म्हातारपणी शहाणा झाला, गाजरं खातोय. लई खूश होती बिचारी.

आणि एका सकाळी माझे तळहात हळदीत बुडवल्यासारखे पिवळे! सरूबाईनं बोंबच ठोकली. मी म्हणतोय थांब, थांब, पण ऐकते कुठली? चितेगावच्या पुढं एकजण काविळीचं औषध देतो, तिथं मला रिक्षात कोंबून नेलं. त्यानं डोक्यावर झाडपाल्याची माळ ठेवली आणि चुन्याच्या पाण्यानं माझे हात चोळायला लागला. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणे. आता दाजी, तुम्हीच सांगा, चुन्याचा वास नाकात गेला आणि तळहातावर कुणी अंगठा घासायला लागलं, तर आपल्यासारख्याला काय आठवणार? मी तसाच, डोक्यावर माळ, दुसऱ्या हातानं खिशातली डबी काढली. तो माणूस हात जोडून म्हणाला, मालक, आधी दवाखान्यात जा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण नजर पोलिसाची. हात बघून विचारलं, डोळे तर पांढरे आहेत, गाजरं किती खाता? मग तोंड उघडायला लावलं. बॅटरी लावून डावा गाल दोनदा बघितला. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मला गाजर गोड लागेना आणि तंबाखूही. पोरीबाळी, तुम्ही, ताई, सगळी डोळ्यांसमोर यायची. रिपोर्ट आला, कॅन्सर नाय. मी तिथंच बाकावर बसून रडलो (सरूबाईला सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं).

बाईंनी मग समजावलं. भाजीपाला, फळं खुशाल खा, चांगलंच आहे. पण तंबाखूवर गोळ्यांचा उतारा नसतो. मोठमोठ्या संशोधनांत गोळ्यांनी कॅन्सर टळलेला दिसला नाय, उलट बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना गाजरातल्याच सत्त्वाच्या गोळ्यांनी नुकसान झालं. चट्टा म्हणजे ताकीद आहे. तंबाखू सोडली तर जाऊ शकतो, चालू ठेवली तर पुढची हमी नाय, आणि तोंड अधूनमधून दाखवत राहायचं. मी तिथंच डबी टेबलावर ठेवली. तेव्हापासून शिवलो नाय. चट्टा फिका पडलाय, तिखट खाता येतं, हातही माणसाच्या रंगाचे झालेत. एकंदरीत खुशाल आहे. तलफ वगैरे काही येत नाय. मन घट्ट आहे माझं.

ताईला काविळीचंच सांगा. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
काकासाहेब

ता. क. : हुरड्याबरोबर लसणाची चटणी जरा जहाल होऊ द्या. लई दिवसांनी खाणार आहे.

आणखी ता. क. : मन घट्ट आहे असं वर लिहिलं, ते खोडून वाचा. रोज तलफ येते. परक्यानं पुढं केली तर मी नाय म्हणतो. पण ताईच्या हळदीपासून तुम्ही मळून पहिली चिमूट माझ्यापुढं धरता, आणि थोरल्या दाजीचा हात मेव्हण्यानं परतवायचा नसतो. मला तो परतवता येणार नाय. म्हणून पाया पडतो, या खेपेला हात पुढं करू नका.

शेवटचं : आणि बांधाआड जाऊन एकट्यानंही खाऊ नका. मागच्या दिवाळीत तुम्ही पोळी दुधात बुडवून खाल्ली आणि ठेच्याला बोट लावलं नाय, ते मी बघितलंय. हुरडा झाला की माझ्याबरोबर इकडं चला. बाईंना तोंड दाखवू. ताईला सांगू, काकासाहेबाची कावीळ उलटली, सोबतीला चाललो.