बोटीवरची इस्त्री

६ नोव्हेंबर, गुरुवार

एका शर्टावरून दिवस नासला.

केबिनच्या कपाटात कापडी पिशवी आहे. मळके कपडे तिच्यात भरायचे, चिठ्ठीवर खूण करायची – धुलाई, नुसती इस्त्री की ड्रायक्लीन – आणि पिशवी दाराबाहेर ठेवायची. दुसऱ्या दिवशी कपडे हजर. तिकिटं हातात ठेवताना लेक म्हणाली होती, "आई, बोटीवर बाबांच्या एकाही कपड्याला हात लावायचा नाहीस." मी कशाला लावते! काल यांचा पांढरा शर्ट पिशवीत टाकला आणि डेकवर जाऊन आरामखुर्चीत पडले. चांगलं वाटलं. कशाला खोटं लिहू.

आज शर्ट परत आला. हँगरवर, वरून पातळ प्लास्टिकचं आवरण, छातीवर बोटीचं नाव छापलेली कागदी पट्टी, कॉलरच्या आत केबिनचा नंबर लिहिलेली चिंधी. यांनी तो खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात यांचा जन्म गेला. घर जळालेल्या माणसासमोर बसून काय काय जळलं नाही ते शोधून काढायचे. मी वाट पाहिली.

"याला म्हणतात इस्त्री," हे म्हणाले. "बघून ठेव."

बघून ठेव! लग्न झाल्यापासून यांच्या शर्टांना माझ्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खोलीभर मुली माझ्या हाताखाली होत्या. माझा आवाज ऐकून खुर्च्या सरळ व्हायच्या. आणि तिथे जाण्याआधी मी रोज सकाळी यांच्या कॉलरवर वाकलेली असायचे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलं होतं – कॉलर टोकांकडून मध्याकडे न्यायची, मध्याकडून टोकांकडे गेलात तर टोकाशी चुणी पडते. चुणी पडली की सिस्टर पट्टी मारायची, बोटांवर. त्या पट्टीखालून सुटले ती सरळ यांच्या हाताखाली आले. यांनी मारलं कधीच नाही. नुसतं बोट ठेवायचं. "इथे बघ." कधी कफ, कधी खांदा. "बरी झालीय" एवढंही कधी तोंडातून निघालं नाही.

मला या माणसाकडून एक चांगला शब्द हवाय. दोघांपैकी एक जण मरायच्या आत. कोण आधी, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि शर्ट म्हणाल तर सुमार! यंत्राखाली घालून दाबलेला. बटणांवरूनच दाबलं, मागे गोल गोल वळ उठलेत. एका बाहीला दोन घड्या.

७ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर घास चावताना दुसऱ्यांच्या तोंडात बघतात. बायको मोत्यांची माळ आंघोळीलाही काढत नसावी. मी मनात तिचं नाव मोतीवाली ठेवलंय.

यांनी सूपच्या आधीच शर्टाचा विषय काढला. "बोटीवरची लाँड्री फर्स्ट क्लास. घरी मला अशी कॉलर कधी बघायला मिळाली नाही."

मोतीवाली माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. हसताना माझे दात डॉक्टरांनी मोजले असतील.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. उजाडलं तसं ठरवलं आणि दुपारी केलंही.

खालच्या मजल्यावर प्रवाशांसाठी एक लहानशी लाँड्री आहे. चार मशीनं, दोन इस्त्र्या, त्याही साखळीने बांधलेल्या, कोणी केबिनमध्ये पळवू नयेत म्हणून. हे पत्ते खेळायला गेले तेव्हा यांचा निळ्या रेघांचा शर्ट घेऊन तिथे गेले. धुतला. वाळवला, पण थोडा दमट राहू दिला. आणि इस्त्रीला उभी राहिले.

मोतीवाली आली. तिच्या हातात एकच हातरुमाल.

"अगंबाई, सुटीवर येऊनही इस्त्री? मी तर घरीसुद्धा इस्त्रीला हात लावत नाही."

"ते तुमच्या डॉक्टरांकडे बघून कळतंच," मी म्हटलं.

तिला समजायला वेळ लागला. मग ती रुमाल घेऊन निघून गेली. बरंच झालं. इस्त्री करताना माझ्याशी कोणी बोललेलं मला आवडत नाही.

कॉलर टोकांकडून आत. खांद्याची पट्टी, कफ, बाह्या. मग पुढची बाजू, एकेका बटणाला वळसा घालत. झाला. परवाच्या शर्टाची चिंधी याच्या कॉलरला टाचली, छातीवर जुनी कागदी पट्टी चढवली, वर प्लास्टिक. केबिनच्या दाराला बाहेरून टांगला. मग आत येऊन मासिक वाचत बसले. साळसूद.

९ नोव्हेंबर

काल पत्ते खेळून आल्यावर यांनी शर्ट खिडकीशी नेला. मी मासिकाचं पान उलटलं नाही.

"परवापेक्षाही सरस," हे म्हणाले. "कोण आहे हा माणूस? हात आहे याला."

हात आहे! लग्न झाल्यापासून ऐकायचं होतं ते ऐकलं, पण दुसऱ्याच्या नावावर. इतकं हसू आलं की न्हाणीघरात जाऊन नळ सोडावा लागला. तोंड पुसताना आरशात बघितलं तर मी हसत नव्हते.

१० नोव्हेंबर

कहर झाला. हे सकाळी लाँड्रीच्या काउंटरवर गेले, मला सोबत घेऊन. पडद्यामागून वाफ येत होती. यांनी इस्त्रीवाल्याला बाहेर बोलावलं. लांब हातांचा, झोप न झालेला माणूस. हे त्याचा हात हातात घेऊन हलवत राहिले. "निळ्या रेघांचा शर्ट. असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही."

बिचारा दिवसाला शेकडो शर्ट दाबत असेल, त्याला कुठला निळ्या रेघांचा आठवायला. पण कौतुक कोण परत करतं? "साहेबांची मेहेरबानी," म्हणाला आणि लाजला. माझ्या इस्त्रीवर लाजला! मग मला म्हणाला, "मॅडम, साहेबांसारखी पारख असलेला माणूस भेटत नाही."

"मला भेटलाय ना," मी म्हटलं.

दुपारी जिन्याजवळच्या फळ्यावर त्याचा फोटो लागला. प्रवाशांची पसंती, म्हणे. माझी कॉलर, त्याचं थोबाड.

११ नोव्हेंबर

मी अजून एक शर्ट केला. अजून एकदा वाहवा. आता मला गोडी लागलीय, खरूज खाजवावी तशी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज उलटं केलं.

यांचा पिवळसर शर्ट काल खरोखरच बोटीच्या लाँड्रीत दिला होता. सकाळी परत आला तेव्हा हे डेकवर चालायला गेले होते. प्लास्टिक काढलं, पट्टी काढली, चिंधी काढली, हँगर बदलला. हे आल्यावर म्हटलं, "अहो, लाँड्रीत फार गर्दी होती. हा मीच केलाय."

यांनी शर्ट बघितला. फार वेळ नाही.

"इथे बघ," हे म्हणाले. बोट कॉलरच्या टोकाशी. "चुणी. आणि बाहीला दोन घड्या. बटणांवरून इस्त्री फिरवलीस का? बोटीवर येऊनही तुझं तेच."

"तेच," मी म्हटलं.

आता मला कळलं. सगळं कळलं. हा माणूस शर्ट बघतच नाही! माझ्या नावाचा असेल तर वाईट, दुसऱ्याच्या नावाचा असेल तर चांगला. इतकी वर्षं मी कॉलरमध्ये खोट शोधत होते. खोट मीच. पहाटेचे सगळे तास, भाजलेली मनगटं, बाळंतपणानंतर टेबलाला टेकून केलेले शर्ट – यांनी बघितलेच नाहीत. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चाललं असतं.

रडू आलं नाही. फार बरं वाटलं. आता माझ्या हातात काहीतरी आहे.

१३ नोव्हेंबर

शनिवारी कप्तानाबरोबर जेवण. यांचा काळा कोट ड्रायक्लीनला दिला. परत आला तो स्पिरिटचा वास मारत. खिडकीत टांगून ठेवलाय. हे आरशासमोर उभे राहून कप्तानाला काय सांगायचं त्याची तालीम करतात. नोकरीत पकडलेल्या खोट्या दाव्यांचे किस्से. मीही तालीम करते, तोंड मिटून.

कोटाखालचा शर्ट लाँड्रीच्या नावावर मी केला. असा की सिस्टरने पट्टी खाली ठेवली असती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केलं!

टेबलावर कप्तान, डॉक्टर, मोतीवाली आणि आम्ही. यांचे दोन किस्से झाले. एकात एका विधवेने जास्तीच्या दोन खुर्च्या लिहिल्या होत्या, ती यांनी कशी पकडली. कप्तान सभ्यपणे हसला. मग यांनी कफ पुढे करून दाखवला. "तुमची लाँड्री, कप्तानसाहेब. माझ्या बायकोने इथे येऊन शिकून जावं."

मी काटा खाली ठेवला. "कप्तानसाहेब, एक दावा माझाही तपासा," म्हटलं. आणि सांगितलं. निळ्या रेघांचा शर्ट, चिंधी, पट्टी, प्लास्टिक. इस्त्रीवाल्याशी झालेलं हस्तांदोलन. मग पिवळसर शर्ट. "आज अंगावर आहे तोही मीच केलाय. यांना शर्टातलं काही कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं म्हणतात, बायकोने आठवडाभर फसवलं ते कळलं नाही."

"मी यांना इस्त्री करताना पाहिलंय," मोतीवाली म्हणाली. तिचा जन्म बहुधा एवढ्या एका वाक्यासाठी झाला असावा.

डॉक्टर मोठ्याने हसले. कप्तान आधी थांबला आणि मग जास्त हसला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. यांचे कान लाल झाले. कप्तानाने विचारलं, "काय साहेब, दावा मंजूर?" यांनी पुडिंग खाल्लं. सगळं खाल्लं.

मी परतताना जिन्यावरून मुद्दाम सावकाश चढले. लग्नातही इतकं मिरवले नव्हते.

१६ नोव्हेंबर

हे बोलत नाहीत. डेकवर लोक यांना बघून आपापल्या कॉलरी चाचपतात. डॉक्टरांनी तर हाक मारली, "साहेब, आमचीही एक कॉलर तपासता का?" हे पुढे निघून गेले. पाठ वाकली आहे, एका दिवसात. मी बघितली. पोटभर बघितली.

फळ्यावरून इस्त्रीवाल्याचा फोटो काढलाय. चार पिना तेवढ्या राहिल्यात. तो मला पॅसेजमध्ये भेटला, मी नमस्कार केला, त्याने खाली बघितलं. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे. न केलेल्या कामाचं कौतुक पचवायला निघाला होता.

यांचे उरलेले सगळे शर्ट बोटीच्या पिशवीत कोंबले. आता घाला वळ उठलेली बटणं!

१७ नोव्हेंबर

अजून मौन. मी यांच्यासमोर बसून सफरचंद खाल्लं, आवाज करत.

लेकीचा फोन आला. "आई, मजा येतेय ना?" खूप, म्हटलं. "बाबा काय म्हणतात?" काहीच म्हणत नाहीत, म्हटलं. "अगंबाई, मग खरंच मजा आहे," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. हे ऐकत होते.

१९ नोव्हेंबर

आज उतरायचं. सकाळी हे शर्ट घालताना बोलले. तीन दिवसांनी. आवाज शांत होता, ऑफिसातला.

"पहिला शर्ट भिकार होता. बटणांमागे वळ होते. तरी मी वाखाणला. दोन दिवसांत तू इस्त्रीला उभी राहिलीस. निळ्या रेघांचा तुझा, हे मी दारातच ओळखलं. पिवळा तुझा नाही, तेही. तुझी कॉलर मला हजारात कळते. तुझ्यासारखी इस्त्री मी कुठे बघितली नाही."

"मग इतकी वर्षं एकदाही का नाही—"

"बरं म्हटलं की माणूस ढिला पडतो. मी ऑफिस असंच चालवलं. तू कधी ढिली पडलीस का?" मग म्हणाले, "त्या रात्री बोलू दिलं तुला. हौस फिटली ना?"

हे सगळं बोलत होते तेव्हा मी यांच्यासमोर उभी होते, आणि माझी बोटं यांच्या कॉलरच्या टोकाशी होती. बोटीवाल्यांनी पाडलेली चुणी काढत.